फसवणूक लपवू नका
(एकोडी, जि. भंडारा येथे बचत गटांच्या बैठकीत केलेले भाषण)



आपला जिल्हा तलावांचा. गळ कसा टाकतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. मोबाईलवर खोटे संदेश पाठवून पैसे काढणे हा तसाच धंदा आहे. त्याचे इंग्रजी नावही त्यावरूनच पडले, फिशिंग.

आधी माझेच सांगते. माझ्या बँकेच्या नावाने मला ईमेल आला. नाव तेच, चिन्ह तेच. "आज केवायसी केली नाही तर खाते बंद होईल." मी घाबरले. लिंक उघडली, माहिती भरली, शेवटी ओटीपीही टाकला. नऊ हजार रुपये गेले. दोन दिवस मी घरात बोलले नाही. बायांनी बोलले पाहिजे असे गावोगाव सांगणारी मी, गप्प बसले. "तुला कोणी सांगितले होते मोबाईलमध्ये डोके घालायला?" हे ऐकायची भीती होती.

नंतर नीट पाहिले. पाठवणाऱ्याच्या नावापुढचा पत्ता बँकेचा नव्हताच. नाव कोणीही कोणाचेही लावतो, म्हणून पत्ता शेवटपर्यंत वाचायचा. सरकारी वेबसाइटचा पत्ता सहसा 'डॉट जीओव्ही डॉट इन'ने संपतो. बँकांनीही 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' असा पत्ता घ्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता.

हे चोर आपली नड ओळखतात. 2022 साली महावितरणच्या नावाने "आज रात्री वीज कापणार" असे खोटे संदेश फिरले. महावितरणचा खरा संदेश कोणाच्या खासगी नंबरवरून येत नाही. पाठवणाऱ्याच्या जागी 'एमएसईडीसीएल' ही अक्षरे असतात. 2025 साली लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली, तर तिच्याही नावाने खोट्या वेबसाइट निघाल्या. उद्या धानाच्या चुकाऱ्याचे नाव घेतील.

म्हणून घाई लावणारा संदेश आला की आधी थांबा. त्यातली लिंक उघडू नका, त्यातला नंबर लावू नका. पासबुक घेऊन शाखेत जा. ओटीपी कोणालाही सांगू नका. आणि पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. पिन मागितला, म्हणजे पैसे जाणार.

तरीही फसलात, तर त्याच घटकेला 1930 वर फोन करा आणि बँकेला कळवा. चूक आपली असली तरी, कळवल्यानंतर जे पैसे जातील ते बँकेने सोसायचे, असे रिझर्व्ह बँकेने 2017 च्या परिपत्रकात सांगितले होते. माझे दोन दिवस लाजेत गेले, तेवढ्यात चोराने पैसे कुठल्या कुठे नेले. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-ड प्रमाणे या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. गुन्हेगार तो, आपण नाही.

बाई फसली की घरचे म्हणतात, "फोन ठेव, बँकेचे आम्ही पाहू." पुरुषही फसतात. त्यांचा फोन कोणी काढून घेते का? आपल्या नावाचे खाते आपल्याला सहज मिळालेले नाही. ते पुन्हा दुसऱ्याच्या हाती द्यायचे नाही.

एवढेच ठरवू या. गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की, जिला संशयाचा संदेश आला असेल तिने तो मोठ्याने वाचावा. जी फसली असेल तिने सांगावे. तिला कोणी हसायचे नाही. तिच्याबरोबर दोघींनी पोलीस ठाण्यात जायचे.