सरकारी वकिलांच्या कपाटातला कागद

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



एकाच घरातल्या मारहाणीवर दोन कोर्टांत दोन प्रकरणे चालतात, हे आपण रोज पाहतो. फौजदारी कोर्टात सरकार विरुद्ध नवरा, कौटुंबिक न्यायालयात बाई विरुद्ध नवरा. पहिल्या प्रकरणातले दवाखान्याचे सर्टिफिकेट, पंचनामा, शेजारणीचा जबाब दुसऱ्यातही हवा असतो. बाई सरकारी वकिलांच्या कचेरीत जाते. उत्तर मिळते, "तुमच्या घटस्फोटात आम्ही पक्षकार नाही, कागद गोपनीय आहेत." माझ्याकडे आलेली एक बाई असे ऐकून चार वेळा परत फिरली होती, दर वेळी दिवसाची मजुरी बुडवून.

पक्षकार नाहीत, हे खरे. म्हणून कागद मागता येत नाही, हे खोटे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 16, नियम 6 प्रमाणे कोणालाही, साक्षीला न बोलावता, केवळ कागद हजर करण्याचे समन्स काढता येते. कागद दुसऱ्याच्या हस्ते पाठवला तरी चालते. कौटुंबिक न्यायालयालाही ही संहिता लागू आहे. तेव्हा कचेरीत विनवण्या पुरे, अर्ज न्यायाधीशांपुढे करा.

त्याआधी कागद आहे कुठे ते शोधा. तपास चालू असेल तर तो पोलिसांकडे. आरोपपत्र दाखल झाले की मूळ कागद फौजदारी कोर्टात जातात, सरकारी वकिलांकडे बहुधा नकलाच उरतात. मग आदेश 13, नियम 10 खाली त्या कोर्टाचे दप्तर मागवायचे. सोबत प्रतिज्ञापत्र लागते: कागद का महत्त्वाचा आणि त्याची प्रमाणित नक्कल वेळेत किंवा वाजवी खर्चात का मिळत नाही, की मूळ कागदच का हवा. म्हणून आधी नकलेचा अर्ज करून पोच जपून ठेवा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 230 प्रमाणे, वकील दिलेल्या पीडितेलाही आरोपपत्र व जबाबांच्या प्रती विनामूल्य मिळतात. पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते, आणि हे कचेरीतले कोणी आपणहून सांगत नाही!

अर्जात "सर्व कागदपत्रे" लिहू नका. गुन्हा क्रमांक, तारीख, दवाखाना लिहा. सरकारी वकिलांची स्वतःची टिपणे मागू नका. त्यावरच वाद अडतो आणि सर्टिफिकेट बाजूला राहते.

आता "गोपनीय" या शब्दाविषयी. साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 165 प्रमाणे समन्स मिळाल्यावर हरकत असली तरी कागद कोर्टात आणावाच लागतो. हरकत योग्य की अयोग्य हे न्यायाधीश ठरवतात, कचेरीतला कारकून नव्हे. बिहारमध्ये भागलपूरला पोलिसांनी कैद्यांचे डोळे फोडले, तेव्हा कपिला हिंगोराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. तपासाचे अहवाल दाखवायला सरकारने नकार दिला. 1981 मध्ये न्यायालयाने ती हरकत फेटाळली. पोलिसांपुढच्या जबाबांवरचे फौजदारी कायद्यातले बंधन त्याच गुन्ह्याच्या चौकशीपुरते व खटल्यापुरते आहे, दिवाणी कामात संबद्ध जबाब वापरता येतो, असे त्यात म्हटले आहे.

मात्र हा रस्ता नवऱ्यालाही मोकळा आहे. घाबरलेल्या अवस्थेत बाईने दिलेला पहिला जबाब त्याचा वकीलही मागवील आणि पुढच्या जबाबातली तफावत काढील. म्हणून अर्ज करण्याआधी सगळे जबाब बाईबरोबर बसून वाचा. काय उघडे पडेल ते तिला स्पष्ट सांगा, निर्णय तिला घेऊ द्या. लैंगिक अत्याचाराचा उल्लेख असेल तर कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम 11 खाली सुनावणी बंद दाराआड मागा. एका पक्षाने मागितली तरी ती द्यावीच लागते.

आणि कागद कोर्टात आला म्हणजे सिद्ध झाला असे नव्हे. कौटुंबिक न्यायालयाला पुराव्याच्या नियमांत सवलत आहे, पण तिच्यावर विसंबू नका. जखमा तपासणाऱ्या डॉक्टरांचे नाव साक्षीदारांच्या यादीत आधीच घाला. दोन वर्षांनी त्यांची बदली झालेली असते.