अक्कलदाढ आणि जबड्यातली केबल



कार्यकारिणीने मला रुळांवर बोलायला सांगितले होते. मी दाढेवर बोलणार आहे. मी डॉक्टर नाही, डिप्लोमावाला सेक्शन इंजिनिअर. तरी विषय आपल्या लाइनीतलाच आहे.

रुळालगत खोदायचे झाले तर आपण आधी सिग्नलवाल्यांना बोलावतो, केबल कुठून गेली ते पाहतो, मगच जेसीबी लावतो. खालच्या जबड्यातही अशीच एक केबल आहे. हाडातल्या नळीतून जाणारी ही नस खालचे दात, खालचा ओठ आणि हनुवटी यांना संवेदना देते. अक्कलदाढेची मुळे कधीकधी तिला अगदी खेटून असतात. दाढ काढताना ती दुखावली तर ओठ बधिर होतो. वाकडा होत नाही, पण चहा ओघळलेला कळत नाही, दाढी करताना कापलेले कळत नाही. बहुतेकांची बधिरता काही आठवड्यांत-महिन्यांत जाते. थोड्यांची कायम राहते.

गेल्या वर्षी माझी खालची डावी अक्कलदाढ सुजली. ओपीजी, म्हणजे सगळा जबडा एका पट्टीत दाखवणारा एक्स-रे, काढला. सर्जनांनी बोट ठेवून दाखवले: नळीची पांढरी रेघ मुळापाशी तुटली होती आणि मुळावर काळसर पट्टा होता. ही धोक्याची खूण. पण ओपीजी म्हणजे नुसते एलेव्हेशन. नस मुळाच्या गालाकडून जाते, जिभेकडून, की दोन मुळांच्या मधून, हे त्यात दिसत नाही. त्याला क्रॉस-सेक्शन हवा. तो सीबीसीटी स्कॅनमध्ये मिळतो.

माझी नस जिभेच्या बाजूने निघाली, मध्ये हाडच नाही. म्हणून दाढेचा फक्त माथा कापला, मुळे तशीच ठेवली. याला कोरोनेक्टॉमी म्हणतात. मूळ किडलेले किंवा हलत असेल तर ती करत नाहीत. आमच्या आईचा प्रश्न एकच, "अर्धीच काढली, मग पैसे पूर्ण कसे?" उत्तर मला अजून सुचलेले नाही.

मात्र प्रत्येकाने सीबीसीटीचा हट्ट धरू नये. त्यात किरणोत्सर्ग सहसा ओपीजीपेक्षा जास्त, खर्चही जास्त. शिवाय सरसकट स्कॅन केल्याने नसेच्या इजा कमी होतात असे अभ्यासांतून सिद्ध झालेले नाही. ओपीजीत मुळे नळीपासून दूर दिसली तर तेवढे पुरे. जिभेची नस तर हाडाच्या बाहेरून जाते. ती या दोन्हींत दिसत नाही. तेव्हा संमतिपत्रावर सही करण्याआधी दोन्ही नसांबद्दल विचारा, आणि फिल्म समोर ठेवूनच विचारा.