शेण कुठे कुजते?



प्रसादाच्या आधी मला शेणावर बोलायला लावून कार्यवाहांनी कुठला तरी जुना सूड उगवला आहे.

नातीने मला विचारले, "आजोबा, गाईमुळे पृथ्वी तापते का?" मी म्हणालो, "काहीतरीच काय!" मग वाचत गेलो, तेव्हा कळले की पोरगी अगदीच चूक नव्हती. गाईम्हशींच्या पोटातले जंतू चारा आंबवतात, त्यातून मिथेन होतो आणि तो ढेकरेतून बाहेर पडतो. लोक समजतात तसा मागून नव्हे. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट उष्णता धरतो. गुरांचा मोठा वाटा या ढेकरांचाच. त्यावर उपाय चाऱ्यातून करायचा, तो पशुवैद्यांचा प्रांत.

शेण मात्र आपल्या हातात आहे. कुरणात पडलेला शेणाचा पो उन्हाने सुकतो, शेणकिडे तो पोखरतात, त्याला हवा लागते. तेच शेण गोठा धुतलेल्या पाण्याबरोबर खड्ड्यात साचले की हवेवाचून कुजते आणि मिथेन बनतो. आय.पी.सी.सी. या आंतरराष्ट्रीय समितीच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेतला फरक पाहा. शेणातून जास्तीत जास्त जितका मिथेन निघू शकतो, त्याचा अर्धा टक्काही कुरणात निघत नाही. उष्ण मुलखात उघड्या तळ्यात साठवले तर ७० टक्क्यांहून अधिक. गुरे चरायला सोडणे बंद झाले, गायराने आटली, गोठे पक्के झाले, त्याची ही दुसरी बाजू.

आता घरचे सांगतो. पादऱ्याजवळ माझे थोरले बंधू शेती करतात. त्यांच्याकडे घुमटाचा गोबरगॅस आहे, माझ्याच आग्रहाने बांधलेला. सिलिंडर आला, पाइप गंजला, शेगडी अडगळीत गेली. शेण घालणे मात्र चालूच, कारण शेताला मळी हवी. मग गॅस जात कुठे होता? फुटक्या पाइपातून आणि मळीच्या तोंडातून बुडबुडत सरळ आकाशात. बारा वर्षे! जाळला असता तर चूलही पेटली असती आणि मिथेनही उरला नसता. मी दर दिवाळीला तिथे जात होतो आणि मला एकदाही सुचले नाही.

दादांना सांगितले तर म्हणाले, "मग शेण तुझ्या फ्लॅटवर पाठवू का?"

त्यांचेही खरे होते. आपल्या शेजारच्या आणंद जिल्ह्यात जकरियापुरा गावी राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाने घरोघरी गोबरगॅस बसवले; बायका गॅसवर रांधतात आणि उरलेली मळी विकतात. मळीला भाव असला की प्लांटची निगा राहते. आमच्याकडे तो हिशेब कोणी मांडलाच नव्हता.

गेल्या चैत्रात पाइप आणि कॉक बदलला, घुमटाची चीर बुजवली. वहिनी आता चहा त्यावर करतात. भाकरी अजून सिलिंडरवरच, ज्योत मंद पडते म्हणून. ज्यांच्या गावी असा पडून राहिलेला प्लांट असेल, पण त्यात शेण पडतच असेल, त्यांनी मला खाली मांडवात भेटावे. गवंड्याचा फोन नंबर मी लिहून आणला आहे.