आषाढातला काला अंब



पानिपतच्या काला अंबास जाणारा मराठी माणूस बहुधा १४ जानेवारीला जातो. कडाक्याची थंडी, दाट धुके. स्मारकापुढे माथा टेकून तो परततो. त्यामुळे ही बाग त्याच्या मनात कायमची हिवाळ्यातच राहते. रणभूमीची खूण म्हणून ओळखला गेलेला तो आम्रवृक्ष आज नाही. त्याच्या जागी विटांचा स्तंभ आहे. परंतु वृक्ष गेला तरी माती आहे, आणि तिची खरी ओळख उन्हाळ्याच्या अखेरीस होणाऱ्या मुसळधार पावसानंतरच पटते.

पहिल्या मोठ्या पावसानंतर या प्रदेशातील भुसभुशीत जमिनीतून मृगाचे किडे वर येतात. संस्कृतात त्यांना इंद्रगोप म्हणतात, उत्तरेत बीरबहूटी. लाल मखमल ल्यालेला हा जीव किडा म्हणवला जात असला तरी आठ पायांचा, कोळ्याचा आप्त आहे. वर्षाचा बहुतेक काळ तो मातीतच काढतो. सायंकाळी वारुळांतून पंखवाल्या वाळवीचे थवे उठतात. कोतवाल त्यांना उडता उडता टिपतो. साचलेल्या पाण्यात मोठ्या बेडकांचे नर हळदीसारखे पिवळे होऊन गळ्याशी निळे फुगे फुगवितात आणि रात्रभर साद घालतात. मागोमाग बगळे येतात, मोर येतात. याच बेडकांच्या तंगड्या एके काळी परदेशी जात. शेतातील किडींवरचा पहारा उठू लागला, तेव्हा १९८७ साली भारताने ती निर्यात थांबविली.

पावसाचे आणि पानिपतचे नाते येथेच संपत नाही. १७६० च्या पावसाळ्यात सदाशिवरावभाऊ दिल्लीत होते, अब्दाली यमुनेपलीकडे. दुथडी भरलेल्या नदीने दोन्ही सैन्यांना एकमेकांपासून दूर ठेवले. पावसाळा सरला, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ नदी उतरून आला. पुढील अडीच महिन्यांत मराठ्यांची रसद तुटली आणि उपाशी सैन्य १४ जानेवारी १७६१ रोजी रणांगणात उतरले. पाणी होते तोवर युद्ध थांबले होते. धान्य संपले तेव्हा ते अटळ झाले.

आज त्या परिसराचे संकट निराळे आहे. भातशेतीसाठी होणाऱ्या उपशाने भूजल खोल गेले. म्हणून हरियाणाने २००९ साली कायदा करून १५ जूनपूर्वी भाताची लावणी करण्यास मनाई केली. पाऊस जवळ येईपर्यंत थांबा, एवढेच तो कायदा सांगतो. परंतु आलेला पाऊस जिरण्यास उघडी माती हवी. फरशीखाली इंद्रगोप वाढत नाही आणि काँक्रीटवर बेडूक अंडी घालीत नाही.

शाळेच्या साठ वर्षांत इमारती वाढल्या, ते आवश्यकच होते. आता हीरक महोत्सवानिमित्त मैदानाचे सुशोभीकरण करावे, फरशी घालावी, अशा सूचना येत आहेत. त्यांमागील आपुलकी मोलाची आहे. तथापि कुंपणालगतचा एक पट्टा मातीचाच राहावा. शिपायांनी तो झाडू नये, कोणी त्यावर औषध फवारू नये. मुलांना पानिपतचा इतिहास पुस्तकातून शिकविता येतो. पहिल्या पावसानंतर तळहातावर घेतलेला मृगाचा किडा मात्र मातीनेच दाखवावा लागतो.