ब्रॅनला पाऊस चालतो, गडगडाट नाही



आयर्लंडमध्ये राहतो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. तिकडे सारखा पाऊस असतो ना? असतो. पण त्या पावसाला आवाज नसतो, हे कोणी आधी सांगत नाही. मी इंदूरचा. जूनच्या सुरुवातीला आमच्याकडे आकाश कसं फाटतं ते तुम्हाला सांगायला नको. नागपूर, बेळगाव, हैदराबाद, बडोदा, तुम्ही जिथून कुठून हे बघत असाल तिथे थोड्याफार फरकानं तेच. आयर्लंडला अटलांटिकवरून ढग येतात, दिवसभर भुरभुर लावतात, छत्री उलटी करतात आणि पुढे जातात. चारी बाजूंनी समुद्र, त्यामुळे जमीन फारशी तापत नाही. खाली गरम दमट हवा आणि वर थंड हवा असं झाल्याशिवाय ढग उंच चढत नाहीत, आणि उंच चढल्याशिवाय वीज नाही. म्हणून गडगडाटाचे दिवस वर्षातून मोजकेच.

पण ते येतात. कधी उन्हाळ्यात स्पेन-फ्रान्सकडून उष्ण दमट हवेचा लोट वर येतो, कधी चार दिवस ऊन पडून देशाचा मधला भाग तापतो. मी राहतो ते अ‍ॅथलोन नेमकं मध्यावर, शॅनन नदीच्या काठी. 18 जुलै 2022 ला डब्लिनच्या फिनिक्स पार्कात पारा 33.0 अंशांवर गेला तेव्हा देशभर त्याचीच बातमी होती. इंदूरला आईला फोनवर सांितलं तर ती म्हणाली, "मग पंखा लाव." घरात पंखाच नाही, हे तिला पटेना.

आज मला बोलायचंय ते अशाच एका उकाड्याच्या संध्याकाळबद्दल, आणि आमच्या ब्रॅनबद्दल. ब्रॅन हा कुत्रा. मेंढ्या राखणाऱ्या कॉली जातीचा, थोडी भेसळ असलेला, शेल्टरमधून दत्तक घेतलेला. आयरिश पुराणकथांमधल्या फिन मॅककूल नावाच्या वीराच्या कुत्र्याचं हे नाव. आमचा ब्रॅन वीर वगैरे नाही. मुसळधार पावसात तो तासभर शेतातून हिंडेल, वाऱ्यात उभा राहील, पण गडगडाट म्हटला की संपलं.

आम्हाला हे माहीतच नव्हतं. तो आमच्याकडे आला ऑक्टोबरमध्ये, आणि पुढचे आठ महिने आकाश एकदाही गरजलं नाही. हेच तिथलं विचित्र आहे. ज्या गोष्टीची कुत्र्याला सवय व्हावी ती इतक्या क्वचित घडते की प्रत्येक वेळी नवीनच.

त्या दिवशी सकाळपासून शेजारच्या बाई म्हणत होत्या, "इट्स व्हेरी क्लोज." क्लोज म्हणजे कोंदट, हवा अंगाला चिकटणारी. जूनमध्ये तिकडे रात्री दहापर्यंत उजेड असतो. साडेसातच्या सुमारास ब्रॅन उठला आणि घरभर फेऱ्या मारायला लागला. धाप लागलेली, जीभ बाहेर, शेपटी पोटाशी. खोलीतून खोलीत, परत दाराशी, परत माझ्याकडे. मला वाटलं उकडतंय. पाणी ठेवलं, त्यानं बघितलं नाही. पहिला गडगडाट आम्हाला ऐकू आला तो त्यानंतर वीसेक मिनिटांनी. त्याला आधी काय कळलं, दूरचा आवाज की हवेतला बदल, कोण जाणे. पण कळलं होतं.

मग तो थरथरायला लागला. लाळ गळतेय, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, माझ्या पायांमध्ये घुसायला बघतोय. आणि इथे मी ते केलं ज्याची मला आजही लाज वाटते. मला कोणीतरी सांगितलेलं, मी कुठेतरी वाचलेलंही, की कुत्रा घाबरला तर त्याला अजिबात जवळ घ्यायचं नाही, थोपटायचं नाही. घाबरल्यावर लाड होतात हे त्याला कळलं की तो आणखी घाबरायला शिकतो. म्हणून मी त्याच्याकडे पाठ करून लॅपटॉप उघडून बसलो. माझ्या पायाशी तो कापत होता आणि मी ईमेल वाचत असल्याचं नाटक करत होतो. बायको म्हणाली, "अरे, बघ ना त्याच्याकडे." मी म्हटलं, "नाही बघायचं. शास्त्र आहे ते."

तेवढ्यात थेंब सुरू झाले. बाहेर दोरीवर कपडे. इंदूर असो की आयर्लंड, पहिल्या थेंबाला माणूस कपड्यांकडेच धावतो. मी मागचं दार उघडलं, त्याच क्षणी वीज कडाडली, आणि ब्रॅन माझ्या गुडघ्याला धडकून बाहेर. कुंपणावरून उडी, पलीकडे बोरीन. बोरीन म्हणजे आपली पाणंद, दोन शेतांच्या मधली अरुंद वाट. दहा सेकंदांत तो दिसेनासा झाला.

मी त्याच्यामागे मोकळ्या शेतातून धावत सुटलो. डोक्यावर विजा चमकताहेत आणि हा गृहस्थ हातात ओला टॉवेल घेऊन पळतोय. हे करू नका. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजले आणि त्याला तीननं भागलं की साधारण किती किलोमीटरवर पडली ते कळतं. मी मोजायचे ते तीनसुद्धा होत नव्हते. शेजारचे आजोबा गाडी घेऊन आले, मला ओरडूनच आत बसवलं आणि म्हणाले की घाबरलेला कुत्रा हाकेला ओ देत नाही, तो थांबेल तिथे कोणाला तरी सापडेल. चिप आहे ना?

चिप होती. आयर्लंडमध्ये 2016 पासून प्रत्येक कुत्र्याला कातडीखाली मायक्रोचिप सक्तीची आहे. तांदळाच्या दाण्याएवढी. स्कॅनर फिरवला की एक क्रमांक दिसतो, आणि त्या क्रमांकावरून नोंदणीतला मालकाचा फोन. पण मी हिवाळ्यात फोनची कंपनी बदलली होती, नंबर बदलला होता, आणि नोंदणीत जुनाच नंबर होता. हे मला आजोबांच्या गाडीत, काचेवर वायपर चालू असताना आठवलं.

आजोबांनी पुढचंही सांगून टाकलं. भटका म्हणून सापडलेला कुत्रा कौन्सिलचा डॉग वॉर्डन उचलतो, पाउंडमध्ये ठेवतो. तिथे त्याला पाच दिवस मिळतात. नंतर मालक आला नाही तर दुसऱ्या कोणाला देतात, किंवा देता आलं नाही तर झोपवतात. आजोबांनी हे निर्दयपणे नाही सांगितलं, शेतकऱ्यानं जसं सांगावं तसं सांगितलं.

रात्रभर आम्ही दोघं मागचं दार उघडं ठेवून स्वयंपाकघरात बसलो. पायरीवर त्याची गोधडी ठेवली. सकाळी बायकोनं हद्दीतल्या सगळ्या प्राण्यांच्या दवाखान्यांना फोन लावले, आणि तिसऱ्या ठिकाणी तो होता. दोन किलोमीटरवरच्या एका गोठ्यात, गवताच्या गठ्ठ्यांमागे अडकून बसलेला. त्या घरच्या बाईंनी पहाटे आणून सोडलेला. त्यांनी चिप तपासली होती. नंबर बंद.

आता त्या दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंबद्दल. मी माझं शास्त्र त्यांना सांगितलं. दुर्लक्ष केलं, लाड केले नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, "तो हात द्यायला शिकला तसा घाबरायला शिकलाय असं वाटतं का तुम्हाला?" मग समजावलं. बक्षीस दिल्यानं वागणूक वाढते, उदाहरणार्थ बिस्किटासाठी बसणं. पण भीती ही वागणूक नाही, भावना आहे. कोणी कुशीत घेतलं म्हणून भीती वाढत नाही. कुत्रा आपण होऊन जवळ येत असेल तर येऊ द्या, हात ठेवा, हळू आवाजात बोला. त्याला लपायचं असेल तर लपू द्या, ओढून बाहेर काढू नका. रागावणं मात्र नक्की वाईट, कारण मग आकाशही ओरडतंय आणि घरातला माणूसही.

मला माझी आई आठवली. वीज कडाडली की आम्हा भावंडांना जवळ घेऊन अर्जुनाची दहा नावं म्हणायला लावायची. त्यानं आम्ही भित्रे होऊ असं तिला कोणी सांगितलं असतं तर तिनं त्या माणसाला चहासुद्धा दिला नसता.

त्यानंतर आम्ही जे करतो ते सांगतो. हवामान खात्याचा, म्हणजे मेट एरनचा, वादळाचा पिवळा इशारा फोनवर आला की मी तो आता कपड्यांसाठी नाही, ब्रॅनसाठी वाचतो. दुपारीच त्याला लांब फिरवून आणतो. दारं-खिडक्या बंद, पडदे ओढलेले, आणि दिवे लावलेले. खोली उजळ असली की बाहेरचा लखलखाट कमी जाणवतो. जिन्याखाली एक कपाट आहे, व्हॅक्यूम क्लीनर ठेवायचं. तो क्लीनर कायमचा बाहेर काढला. तिथे त्याची गोधडी, बायकोचा जुना स्वेटर. दार नेहमी उघडं, जाणं-येणं त्याच्या मर्जीवर. ही जागा वादळाच्या दिवशी तयार करून उपयोग नाही. आधी कित्येक महिने ती त्याची व्हावी लागते.

रेडिओ लावतो. ग्लासगो विद्यापीठ आणि स्कॉटलंडची प्राणिसंस्था यांनी 2017 मध्ये शेल्टरमधल्या कुत्र्यांना वेगवेगळं संगीत ऐकवून बघितलं, तेव्हा सॉफ्ट रॉक आणि रेगे त्यांना बरं वाटलेलं दिसलं. मी मराठी माणूस, मी आधी अभंग लावले. ब्रॅन पखवाजाच्या पहिल्या थापेला खोलीबाहेर. त्याच्या दृष्टीनं तोही गडगडाटच. आता गप्पांचा कार्यक्रम लावतो, माणसांचे सलग, संथ आवाज.

हिवाळ्यात, आकाश निवांत असताना, गडगडाटाचं रेकॉर्डिंग अगदी बारीक आवाजात लावून चिकनचे तुकडे देण्याचा प्रयोगही केला. रेकॉर्डिंगला तो सरावला. खऱ्या गडगडाटाला अर्धामुर्धाच. स्पीकरमधून जमीन हादरत नाही ना.

औषधाबद्दल मी बरेच दिवस टाळाटाळ केली. कुत्र्याला भीतीची गोळी, हे आमच्या घरी कोणाला सांगणार? पण डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली ती महत्त्वाची आहे. पूर्वी अशा कुत्र्यांना एसप्रोमॅझिन सर्रास द्यायचे. त्यानं अंग सुस्त होतं, भीती तशीच राहते. बाहेरून वाटतं शांत झाला. आत तो सगळं ऐकतोय आणि पळताही येत नाही. आता खास आवाजाच्या भीतीसाठी डेक्समेडेटोमिडीनची जेल मिळते, गाल आणि हिरडी यांच्यामध्ये लावायची, आपण हातमोजे घालून. ती गिळायची नसते. आणि भीती शिगेला पोचायच्या आधी लावायची, नंतर नाही. हे सगळं डॉक्टरांनी तपासून, त्या कुत्र्याच्या वजनाप्रमाणे. आपल्या कपाटातली झोपेची गोळी अर्धी करून देऊ नका.

दोन उन्हाळे बरे गेले. तिसऱ्या वर्षी ब्रॅन पुन्हा बिघडला, आणि या वेळी गडगडाटच काय, कचऱ्याची गाडी, दार आपटणं, सगळ्यालाच दचकायला लागला. मी डॉक्टरांकडे जेल वाढवून मागायला गेलो. त्यांनी जेल बाजूला ठेवली आणि त्याला चालवून बघितलं. मागचा उजवा पाय. एक्स-रेमध्ये खुब्याचा संधिवात निघाला. त्यांनी सांगितलं की इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाच्या अभ्यासकांचा 2018 चा एक छोटा अभ्यास आहे. आवाजाला घाबरणाऱ्या काही कुत्र्यांच्या स्नायूंत किंवा सांध्यांत दुखणं निघालं होतं, आणि त्यांची भीती इतरांपेक्षा उशिरा, मोठ्या वयात सुरू झाली होती. आवाजानं दचकलं की अंग आखडतं, आखडलं की दुखतं, आणि मग आवाज म्हणजेच दुखणं असं डोक्यात बसतं. मोठा झालेला कुत्रा अचानक आवाजांना घाबरायला लागला तर आधी त्याचे सांधे तपासा. मी हे इतकं जोर देऊन सांगतोय कारण मी त्याला तीन-चार महिने हट्टी म्हणत होतो. वेदनेवर उपचार सुरू झाल्यावर कचऱ्याच्या गाडीची भीती गेली. गडगडाटाची राहिली, पण आधीएवढीच.

मांजरांचं विचारलंत तर, आमच्याकडे एक आहे. आयरिश घरांत गरम पाण्याच्या टाकीचं कपाट असतं, त्याला हॉट प्रेस म्हणतात, तिथे टॉवेल वाळत घालतात. गडगडाट झाला की बाईसाहेब टॉवेलांमागे. ती मदत मागत नाही. तिची मातीची पेटी आणि पाणी जवळ सरकवून ठेवायचं आणि कपाटाचं दार चुकून बंद करायचं नाही, एवढंच आमचं काम.

आणि हो, चिपच्या नोंदणीतला नंबर मी त्याच दिवशी, दवाखान्याच्या काउंटरवरच बदलला. त्याच्या पट्ट्यालाही आता दोन्ही नंबर कोरलेत. तुमच्याकडे वळीव आहे, शिवाय दिवाळी आहे; पट्टा सैल झालाय का, तेवढं आज घरी जाऊन बघा.

मागच्या जूनमध्ये पुन्हा एक मोठं वादळ झालं. सात वाजता ब्रॅन फेऱ्या मारायला लागला, जेल लावली, पडदे ओढले. कपडे बाहेर भिजत होते, राहू दिले. तो जिन्याखाली गेला आणि मी कार्पेटवर, कपाटाच्या दाराशी, भिंतीला पाठ टेकून बसलो. थोड्या वेळानं त्यानं हनुवटी माझ्या घोट्यावर ठेवली. काय बोलावं सुचेना, म्हणून अर्जुनाची नावं म्हणायला लागलो. सहाव्यापुढे आठवेनात. स्वयंपाकघरातून बायकोनं सातवं सांगितलं.