घरच्या अंगणात जुनी जीप

उंच बॉनेटची सीजे-३बी ही विलीज कंपनीची जीप 1953 मध्ये अमेरिकेत आली. पुढे मुंबईच्या महिंद्र कंपनीने ती भारतात वर्षानुवर्षं बनवली. बॉनेट उंच असण्याचं कारण इंजिनात आहे. आत हवा घेणारे व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि धूर सोडणारे ब्लॉकमध्ये, त्यामुळे इंजिनाची उंची वाढली.

अशी जीप घरी दुरुस्त करता येते, कारण तिची बॉडी स्वतंत्र चासीवर बोल्टांनी बसवलेली असते. सुरुवात रंगापासून नव्हे, चासीपासून करायची. छोट्या हातोडीने ठोकत जावं. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत, बद्द आला तर आतून गंजलेला. जाम झालेल्या नटांना तेल लावून रात्रभर मुरू द्यावं. खोललेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून पिशवीत ठेवावा आणि खोलण्याआधी फोटो काढावा.

ब्रेकची रबरं आणि होजपाइप सरसकट नवे घ्यावेत.

पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. रिकामी दिसली तरी तिच्यात वाफा उरतात आणि वेल्डिंगच्या ठिणगीने स्फोट होऊ शकतो. हे काम जाणकाराकडेच द्यावं.

कागदपत्रं मात्र खरेदीआधी तपासावीत. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मुळात बदल न केलेल्या खासगी गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते. ही नोंदणी दहा वर्षं चालते, पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.