दाताला धरून राहणारे लुकण

किडलेला दात कोरल्यावर उरणारा खळगा कशाने भरावा, हा प्रश्न जुनाच आहे. परंतु भरलेले द्रव्य तेथे टिकावे कसे, हा त्याहून बिकट. चांदी व पारा यांचे मिश्रण दाताला चिकटत नाही, ते नुसते अडकून बसते. त्यासाठी खळगा तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद असा कोरावा लागे. शिवाय पुढे कीड पसरू नये म्हणून भोवतालचा भागही कापावा, असा शिकागोचे नामांकित दंतवैद्य जी. व्ही. ब्लॅक यांचा दंडक होता, आणि तो कित्येक दशके चालला. तिळाएवढ्या किडीपायी निरोगी दाताचा केवढा तरी अंश बळी जाई. आणि दंतवल्क एकदा गेले की पुन्हा येत नाही.

दंतवल्क, ज्याला दवाखान्यात सर्रास इनॅमल म्हणतात, ते शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य होय. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज, वरून गुळगुळीत, आणि सदैव लाळेच्या पातळ पटलाखाली. अशा ठिकाणी काही चिकटावे तरी कसे?

अमेरिकेतील रॉचेस्टर येथील मायकेल बुओनोकोर यांना याचे उत्तर रंगकामाच्या धंद्यात सापडले. धातूवर रंग पक्का बसावा म्हणून कारखान्यांत तिला आधी फॉस्फरिक अम्ल लावीत. त्यांनी तेच अम्ल, ८५ टक्के तीव्रतेचे, दंतवल्कावर ३० सेकंद ठेवले, धुऊन कोरडे केले आणि वर ॲक्रिलिकचा थेंब सोडला. तो थेंब पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक काळ टिकून राहिला. १९५५ साली हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

गुळगुळीत भिंतीवर गिलावा धरत नाही, म्हणून गवंडी तिला आधी टाचे मारतो. अम्ल हेच काम करते, पण फार सूक्ष्म प्रमाणात. दंतवल्क बारीक स्फटिकदंडांचे बनलेले असते. अम्लात त्यांचा कोठे गाभा विरघळतो, तर कोठे कडा, आणि मिलिमीटरच्या काही शतांशांपर्यंत खोल अशी असंख्य छिद्रे पडतात. पातळ राळ त्यांत शिरून घट्ट होते व तिची जणू मुळेच रुजतात. धुतलेल्या पृष्ठभागावर ती थेंबासारखी गोळा न होता पसरते, हाही एक लाभ. मौज अशी की, तोंडातील जंतू दात पोखरतात तेही अम्लानेच.

दातांवर अम्ल घालणे धंद्यातील अनेकांना धाडसाचे वाटले, आणि ही रीत रूढ होण्यास बराच काळ गेला. वॉशिंग्टनमध्ये राफेल बोवेन यांनी तयार केलेल्या नव्या राळेला १९६२ मध्ये पेटंट मिळाले, तेव्हा भरण्याजोगे चांगले द्रव्यही हाती आले. हल्ली अम्ल ३० ते ४० टक्क्यांचे वापरतात. आतील दंतिन मात्र ओलसर व सच्छिद्र, त्यामुळे तेथे चिकटविण्याची युक्ती निराळी करावी लागते.

दंतवैद्य गालाशी कापसाचे बोळे ठेवून तोंड मिटू देत नाही, याचा रोग्याला त्रास होतो खरा. पण अम्लाने खरखरीत केलेल्या दातावर लाळ पडली, तर ती छिद्रे बुजतात, आणि सारे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.